दादोबांची सुरत आणि इंग्रजी क्रियापदाचे कोडे

२२ जून १८४४ रोजी सुरत शहरात मानवधर्मसभेची स्थापना झाली. गुजरातच्या सामाजिक सुधारणेच्या इतिहासात या घटनेला आरंभीचे स्थान दिले जाते. सभेच्या संस्थापकांत दोन शिक्षक प्रमुख होते. दुर्गाराम मंछाराम मेहता हे सुरतेतील गुजराती शाळेचे मेहताजी, तर दादोबा पांडुरंग तर्खडकर हे तेथील सरकारी इंग्रजी शाळेतील साहाय्यक शिक्षक. दुर्गारामांनी ठेवलेल्या नोंदींच्या आधारे महिपतराम रूपराम यांनी १८७९ मध्ये त्यांचे चरित्र लिहिले. दादोबांचे आत्मचरित्र अ. का. प्रियोळकर यांनी १९४७ मध्ये संपादून प्रसिद्ध केले. त्यामुळे सभेचा वृत्तान्त गुजराती आणि मराठी अशा दोन्ही वाचकांना उपलब्ध झाला आहे.

दादोबांची दुसरी ओळख मात्र मराठी वाचकाला अधिक जवळची आहे. सुरतेस जाण्यापूर्वीच, १८३६ मध्ये, वयाच्या बाविसाव्या वर्षी त्यांनी 'महाराष्ट्र भाषेचे व्याकरण' प्रसिद्ध केले होते. 'मराठी भाषेचे पाणिनी' हे बिरुद त्यांना पुढे याच ग्रंथामुळे लाभले. म्हणजे १८४४ च्या सुमारास सुरतेच्या त्या शाळेत एक विलक्षण योग जुळून आला होता. शिक्षक मराठीचा व्याकरणकार, बहुसंख्य विद्यार्थी गुजराती आणि शिकवण्याचा विषय इंग्रजी. तीन भाषांची क्रियापदे एका वर्गात एकत्र आली होती. त्या वर्गापासून आजपर्यंत विद्यार्थ्यांना ज्या कोड्याने छळले, त्याचा हा मागोवा आहे. इंग्रजीतील 'गिव्ह अप', 'पुट ऑफ', 'लुक आफ्टर' यांसारखी जोडक्रियापदे 'कॅन', 'मे', 'मस्ट', 'शुड' या साहाय्यकांबरोबर कशी वापरावीत, हे ते कोडे होय.

मरेची चौकट

दादोबांच्या व्याकरणाचा आराखडा लिंडले मरे याच्या इंग्रजी व्याकरणावर आधारलेला होता. अमेरिकेत जन्मलेला मरे उत्तरायुष्यात इंग्लंडमधील यॉर्क येथे स्थायिक झाला. तेथील मुलींच्या एका शाळेसाठी लिहिलेले त्याचे व्याकरण १७९५ मध्ये निघाले आणि इंग्रजी शिकविले जाई तेथे तेथे जाऊन पोहोचले. यॉर्कच्या मुलींसाठी रचलेली ही चौकट चाळीस वर्षांनी मुंबईत मराठी भाषेचे मोजमाप करण्यासाठी वापरली गेली. त्या काळी दुसरे साधन हाताशी नव्हते. संस्कृत व्याकरणाची परंपरा थोर खरी, परंतु प्राकृत बोलीचे चालू रूप शाळेतील मुलाला समजावून सांगण्याची सोय तिच्यात नव्हती.

प्रस्तुत विषयाशी मरेच्या ग्रंथातील दोन गोष्टींचा संबंध येतो. 'मे', 'कॅन', 'मस्ट', 'वुड', 'शुड' यांनी होणारी रूपे त्याने 'पोटेन्शियल मूड' या नावाखाली क्रियापदप्रकरणात घेतली. शक्यता, मुभा, सामर्थ्य, इच्छा आणि बंधन हे सारे अर्थ त्याने या एकाच खणात बसविले. 'अप', 'ऑफ', 'आउट', 'ओव्हर' हे लहान शब्द क्रियापदाच्या मागे येऊन त्याचा अर्थ पालटतात, हेही त्याने नोंदविले. पण ते दूर, शब्दयोगी अव्ययांच्या प्रकरणात. 'कास्ट' म्हणजे फेकणे, पण हिशेबाच्या संदर्भात 'कास्ट अप' म्हणजे बेरीज करणे, हे त्याच्या उदाहरणांपैकी एक. एकाच वाक्यात शेजारी नांदणारी ही दोन अंगे पुस्तकात दोन टोकांना पडली. विद्यार्थ्याने एक प्रकरण पाठ केले, दुसरेही पाठ केले. परंतु दोन्ही एकत्र आल्यावर काय करावे, हे त्याला कोणी सांगितले नाही.

या छोट्या शब्दांची अडचण इंग्रजांनाही ठाऊक होती. डॉ. जॉन्सन याने १७५५ च्या आपल्या कोशाच्या प्रस्तावनेत, अशी क्रियापदे परकीयांना सर्वांत अवघड जातात, असे म्हटले आहे. त्यांना 'फ्रेझल व्हर्ब' हे नाव मात्र फार उशिरा रूढ झाले. लोगन पिअरसॉल स्मिथ याने १९२५ मधील आपल्या पुस्तकात ते वापरले आणि ऑक्सफर्ड कोशाचे एक संपादक हेन्री ब्रॅडली यांनी ते सुचविल्याचे नमूद केले. दादोबांच्या वर्गात विद्यार्थ्यांसमोर वस्तू होती. तिला नाव मिळण्यास आणखी ऐंशी वर्षे लागायची होती.

सुरतेची व्याकरणपरंपरा

पश्चिम किनाऱ्यावर या तीन भाषा एकत्र ठेवून पाहण्याची कल्पना दादोबांच्याही आधीची आहे. रॉबर्ट ड्रमंड या शल्यवैद्याने १८०८ मध्ये मुंबईत एक ग्रंथ छापला. त्यात गुजराती, मराठी आणि इंग्रजी या तिन्ही भाषांच्या व्याकरणाची अंगे शेजारी शेजारी मांडली होती. सुरतेच्या इंग्रजी शाळेचे मुख्याध्यापक राहिलेले हेन्री ग्रीन यांनी इंग्रजी वाक्प्रयोग आणि त्यांची रूढ गुजराती भाषांतरे यांचा संग्रह प्रसिद्ध केला. व्याकरणाचे नियम बाजूला ठेवून वाक्प्रयोगालाच वाक्प्रयोग देण्याची ही पद्धत शिक्षकाच्या अनुभवातून आलेली दिसते. 'करण घेलो' या कादंबरीचे कर्ते नंदशंकर मेहता याच शाळेचे विद्यार्थी. पुढे ते तिचे पहिले भारतीय मुख्याध्यापक झाले. रा. गो. भांडारकरांची संस्कृत 'मार्गोपदेशिका' गुजरातीत आणण्याचे श्रेयही त्यांच्याकडे जाते. सुरतेचेच कवी नर्मद यांनी 'नर्मव्याकरण' लिहिले आणि १८७३ मध्ये 'नर्मकोश' पूर्ण केला. एका शहरात दोनतीन पिढ्यांत भाषेचा एवढा विचार झाला, याचे कारण व्यापारी पेठेच्या बहुभाषिकतेत असावे. रोज चार बोली कानांवर पडल्या की प्रत्येकीची घडण वेगळी दिसू लागते आणि साम्यही दिसू लागते.

असे एक साम्य येथे मुद्दाम पाहण्यासारखे आहे. सुरतेचा विद्यार्थी म्हणतो, 'छोडी देवुं पडशे.' मराठी माणूस म्हणतो, 'सोडून द्यावे लागेल.' दोन्ही वाक्यांत आधी मुख्य क्रिया येते, मग तिला रंग देणारे 'देणे' येते आणि शेवटी बंधन दाखविणारे 'पडणे' किंवा 'लागणे'. इंग्रज हेच 'विल हॅव टू गिव्ह अप' असे सांगतो. त्याच्या वाक्यात बंधन आधी, मुख्य क्रिया मध्ये आणि रंग देणारा 'अप' शेवटी. घटक तेच तीन, फक्त बंधनाची जागा शेवटून सुरुवातीला गेली.

'पाहिजे' या शब्दाची कथा तर याहून मनोवेधक आहे. तो 'पाहणे' या धातूच्या जुन्या कर्मणी रूपाचा गोठलेला अवशेष होय. गुजरातीतील 'जोईए' हेही 'जोवुं', म्हणजे पाहणे, याच अर्थाच्या धातूपासून तसेच घडले आहे. जे पाहिले जाते, शोधले जाते, ते हवे असते. आणि जे हवे असते ते पुढे कर्तव्य बनते. इंग्रजी 'कॅन'चा मूळ अर्थ 'जाणणे' आणि 'शॅल'चा मूळ अर्थ 'देणे लागणे', म्हणजे ऋणी असणे, असा होता. तिन्ही भाषांत ही क्रियापदे एके काळी स्वतंत्र होती. कालांतराने त्यांनी आपला संसार आवरला आणि ती दुसऱ्या क्रियापदांच्या आश्रयाला गेली. म्हणूनच 'मस्ट'ला जसा भूतकाळ नाही, तशीच 'पाहिजे'लाही इतर धातूंसारखी रूपे चालत नाहीत.

घरातले 'अप' आणि 'ऑफ'

मराठीत फ्रेझल व्हर्ब नाही, असा समज शाळांतून दीर्घकाळ होता. वस्तुतः क्रियेला पूर्णतेचा, हेतूचा किंवा भावनेचा रंग देण्याचे जे काम इंग्रजीत 'अप' आणि 'ऑफ' करतात, तेच मराठीत दुसरे क्रियापद करते. 'काम केले' हे नुसते विधान झाले. 'करून टाकले' म्हणताच सुटकेचा निःश्वास ऐकू येतो. 'करून ठेवले' यात पुढची तरतूद दिसते, 'करून दिले' यात दुसऱ्यावरचा उपकार, 'करून घेतले' यात स्वतःचा लाभ, आणि 'भलतेच करून बसला' यात पश्चात्ताप. 'गिव्ह अवे' म्हणजे 'देऊन टाकणे', 'ईट अप' म्हणजे 'खाऊन टाकणे', 'राइट डाउन' म्हणजे 'लिहून ठेवणे'. याखेरीज दिशादर्शक शब्द जोडूनही मराठी असे अर्थ साधते. तक्रार 'मागे घेतली' जाते, सभा 'पुढे ढकलली' जाते, काम 'पार पाडले' जाते. 'पुट ऑफ'मध्ये इंग्रज सभा आपल्यापासून दूर सारतो, तर मराठी माणूस ती पुढे ढकलतो. परिणाम दोन्हींचा एकच.

मराठी व्याकरणकारांनी या जोड्यांवर पुढे पुष्कळ खल केला. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी मराठी व्याकरणावर निबंध लिहिले. कवी केशवसुतांचे बंधू मोरो केशव दामले यांनी १९११ मधील 'शास्त्रीय मराठी व्याकरण' या बृहद्ग्रंथात आधीच्या मतांची कसून छाननी केली. 'संयुक्त क्रियापद' कोणाला म्हणावे, या वादातील कसोटी सामान्य वाचकालाही पटण्याजोगी आहे. 'पाहुणे जेवून गेले' या वाक्यात क्रिया दोन आहेत, आधी जेवण आणि नंतर जाणे. 'पाहुणे निघून गेले' यात क्रिया एकच. 'गेले' हा शब्द निघण्याला पूर्णता देतो, एवढेच. पहिले संयुक्त क्रियापद नव्हे, दुसरे होय. इंग्रजीतही नेमका असाच भेद आहे. 'ही रॅन अप द हिल' यात 'अप' टेकडीची दिशा सांगतो. 'ही रॅन अप अ बिल' यात मात्र 'रॅन अप' मिळून उधारी वाढविण्याचा एकच अर्थ होतो. मराठी व्याकरणातील हा वाद ज्याने समजून घेतला, त्याला इंग्रजी फ्रेझल व्हर्बचे अर्धे मर्म उलगडले म्हणावयास हरकत नाही.

दोहोंची गाठ

आता दोन्ही अंगे एकत्र आली असता काय होते, ते पाहावे. इंग्रजीचा मूळ नियम सोपा आहे. मोडल आधी येतो, त्याच्या मागून क्रियापदाचे मूळ रूप आणि त्यानंतर छोटा शब्द. 'शी मस्ट गिव्ह अप', 'दे कॅन पुट ऑफ', 'वुई शुड लुक आफ्टर'. कर्ता कोणीही असो, क्रियापदाला प्रत्यय लागत नाही आणि मध्ये 'टू' येत नाही. अपवाद 'ऑट टू' आणि 'हॅव टू' यांचा. तरीही मराठी विद्यार्थी 'मस्ट टू गिव्ह अप' असे लिहितो. हा त्याच्या बुद्धीचा दोष नाही. 'सोडायला पाहिजे' यातील 'ला' त्याच्या मनात असतो आणि त्याचे भाषांतर म्हणून 'टू' उमटतो. 'मला', 'तिला', 'आजोबांना' या चतुर्थीची अडचणही अशीच. 'आजोबांना जिना चढवत नाही' या शक्य क्रियापदाच्या वाक्यात सामर्थ्य ज्याचे, तो चतुर्थीत जातो. इंग्रजीत तो 'ग्रँडफादर कॅनॉट' असा सरळ प्रथमेत उभा राहतो.

दुसरी अडचण कर्माच्या जागेची. सभा पुढे ढकलता येईल, हे 'कॅन पुट ऑफ द मीटिंग' असेही म्हणता येते आणि 'कॅन पुट द मीटिंग ऑफ' असेही. सभेऐवजी सर्वनाम आले, की ते मध्येच बसले पाहिजे. 'कॅन पुट इट ऑफ' हेच शुद्ध. 'लुक आफ्टर'सारख्या जोड्या मात्र फोडता येत नाहीत. तेथे 'मस्ट लुक आफ्टर हर' असेच म्हणावे लागते. मोडल कितीही बदलले तरी या जागा बदलत नाहीत, हे ध्यानात आले की निम्मा गोंधळ संपतो.

तिसरी अडचण निषेधाची, आणि येथे मराठीची साथ मोलाची ठरते. 'मस्ट नॉट गिव्ह अप' म्हणजे 'सोडून देऊ नये'. 'नीड नॉट गिव्ह अप' म्हणजे 'सोडून द्यायची गरज नाही'. एकात मनाई आहे, दुसऱ्यात मुभा. मराठीत 'नये' आणि 'लागत नाही' यांची गल्लत लहान मूलही करीत नाही. तरीही पुष्कळ विद्यार्थ्यांच्या इंग्रजीत ती होते, कारण 'मस्ट म्हणजे पाहिजे' एवढेच समीकरण त्यांनी पाठ केलेले असते.

भूतकाळाचेही तसेच. 'सभा पुढे ढकलायला हवी होती' या वाक्यात भूतकाळ शेवटच्या 'होती'वर आहे. इंग्रजीत मोडल भूतकाळाचा भार घेत नाही, म्हणून तो 'हॅव' घेते आणि 'शुड हॅव पुट ऑफ द मीटिंग' असे वाक्य बनते. गेलेल्या संधीची हळहळ दोन्हीकडे सारखीच आहे.

चौथी गोष्ट मराठीच्या ऐश्वर्याची. मराठीत अशा साहाय्यकांची उतरंड रचता येते. 'ही गणिते मुलाला सोडवून दाखवता आली पाहिजेत' या वाक्यात सामर्थ्य आणि बंधन एकावर एक बसले आहेत. 'त्याला निघून जावे लागू शकेल' यात बंधन आणि शक्यता. प्रमाण इंग्रजीत दोन मोडल शेजारी बसत नाहीत. 'मस्ट कॅन वर्क आउट' असे चालत नाही. 'मस्ट बी एबल टू वर्क आउट' असा वळसा घ्यावा लागतो. म्हणून 'आली पाहिजेत'चे शब्दशः भाषांतर करू पाहणारा विद्यार्थी अडखळतो. तो अडखळतो, कारण त्याच्या भाषेत सोय अधिक आहे.

पाठमालेचे ऋण आणि उणीव

१८४७ मध्ये मोल्सवर्थ यांनी आरंभिलेला आणि कँडी यांनी पूर्ण केलेला इंग्रजी-मराठी कोश निघाला. मुंबई विद्यापीठाची पहिली मॅट्रिक परीक्षा १८५९ मध्ये झाली आणि इंग्रजी हा नोकरीचा व प्रतिष्ठेचा दरवाजा ठरला. या दरवाजातून मराठी मुलांच्या कित्येक पिढ्यांना आत नेण्याचे काम तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेने केले. एक नियम, थोडे शब्द, मग मराठीतून इंग्रजीत आणि इंग्रजीतून मराठीत उतरवायची वाक्ये, ही तिची पद्धत. भांडारकरांच्या मार्गोपदेशिकेने संस्कृतसाठी पायरीपायरीची जी वाट घालून दिली, तिच्याशी या मांडणीचे नाते आहे. खेड्यातल्या मुलाला इंग्रज शिक्षकाचे दर्शनही न होता इंग्रजी वाक्य रचता आले, हे अशा पुस्तकांचे थोर ऋण.

उणीव राहिली ती दृष्टीची. इंग्रजी ही नियमांची भाषा आणि मराठी ही त्या नियमांकडे नेणारी नुसती शिडी, अशी समजूत शाळांतून रुजली. इंग्रजीच्या विषयात नापास होणाऱ्या मुलाच्या माथी मठ्ठपणाचा शिक्का बसला. त्याची चूक कोणत्या मराठी वाक्यातून जन्माला आली, हे विचारण्यास परीक्षकाला सवड नव्हती. 'मस्ट टू' ही चूक 'पाहिजे'च्या व्याकरणाचा पुरावा आहे, असे त्या मुलाला कोणी सांगितले असते, तर लाजेऐवजी कुतूहल जागे झाले असते. मरेच्या चौकटीतून मराठी पाहण्याचा पहिला प्रयत्न दादोबांनी केला. पुढच्या आवृत्त्यांत त्यांनी आपला ग्रंथ पुनःपुन्हा सुधारला आणि मृत्यूच्या आदल्या वर्षी, १८८१ मध्ये, त्याला 'पूरणिका' जोडली. चौकट अपुरी पडते, हे कबूल करून ती वाढवीत राहण्याचा हा प्रामाणिकपणा त्यांच्या बिरुदाहून मोठा आहे.

आजच्या सुरतेत खानदेशातून आलेली मराठी कुटुंबे मोठ्या संख्येने राहतात आणि महानगरपालिका मराठी माध्यमाच्याही शाळा चालविते. तेथील मूल घरी अहिराणी किंवा मराठी, रस्त्यावर गुजराती, बाजारात हिंदी आणि वर्गात इंग्रजी अशा भाषांत वावरते. 'सोडून द्यावे लागेल', 'छोडी देवुं पडशे' आणि 'छोड देना पड़ेगा' हे तिन्ही त्याच्या जिभेवर असतात. 'विल हॅव टू गिव्ह अप' त्याला शिकवायचे तर आरंभ या तीन वाक्यांपासून करावा. दादोबांच्या वर्गात जे साहित्य विखुरलेले होते, ते आज या मुलाच्या दप्तरात एकत्र आहे.

आणि पुरावा हवा असेल, तर फार दूर जाण्याचे कारण नाही. कोणत्याही जुन्या मराठी ग्रंथालयाच्या भिंतीवरचा नियमफलक वाचावा. 'पुस्तके मुदतीत परत करावीत.' 'पाने दुमडू नयेत.' 'पुस्तक हरवल्यास त्याची किंमत भरून द्यावी लागेल.' अपेक्षा, निषेध आणि बंधन या तिन्ही छटा तेथे तीन ओळींत बसल्या आहेत, आणि 'भरून देणे' हे संयुक्त क्रियापदही त्यांच्या सोबतीला आहे. ज्या सभासदाला हा फलक नीट समजला, त्याने इंग्रजी व्याकरणातील एक अवघड प्रकरण घरच्या भाषेत आधीच शिकून ठेवले आहे.